ओळीवर बोट

३ फेब्रु., सोम.
आज पुन्हा कंधार अर्धापूरच्या पोटात गेलं. कंधारच्या शाळेचं अख्खं फोल्डर. ओढून दुसरीकडे न्यायचं होतं, वाटेत माउसवरचं बोट जरा सैल झालं आणि ते शेजारच्या अर्धापूरच्या फोल्डरमध्ये पडलं. एक शब्द नाही. ‘इकडे टाकू का बाई’ म्हणून विचारणं नाही. अर्धा तास शोधलं. आवक-जावकच्या शेख आपा, सोळा वर्षं माझ्या शेजारच्या टेबलावर, त्यांना वाटलं सगळं पुसलंच गेलं. त्या दुवा मागायला लागल्या.
कपाटात फाईल चुकीच्या कप्प्यात गेली तर निदान हाताला कळतं. सत्तावीस वर्षं संस्थेच्या या कार्यालयात काढली, एक फाईल हरवलेली नाही माझ्याकडून.
फोल्डरवर उपाय काढला. कंट्रोल एक्स, कंट्रोल व्ही. ओढाओढी बंद. टायपिंगची चाळीसची परीक्षा पास झालेली बाई आहे मी. दहा बोटं चालतात, एका बोटाच्या जिवावर का राहू?

५ फेब्रु., बुध.
फोल्डरचं जमलं, पण नव्या सिस्टीममध्ये माझा उपाय चालत नाही. (लातूरच्या कंपनीकडून घेतली, दिवाळीनंतर आली. आमच्या सगळ्या शाळांच्या मास्तरांची नोंद तिच्यात.) एक चौकोन आहे, ‘फाईल येथे ओढून सोडा’. ओढली. सोडली. बोटभर बाहेर पडली असणार. भरलेला फॉर्म गायब, आणि पडदाभर निलंग्याच्या शिपायाचा जन्मदाखला. चाळीस मिनिटांचं काम पाण्यात.
यादीचं तर विचारूच नये. नाव खालून वर न्यायचं तर धरून ओढत जायचं. पान सरकत नाही. टेबल संपतं, माउस कॉम्प्युटरच्या डब्याला जाऊन धडकतो, आणि नाव मधेच लोंबकळत. माउस उचलावा तर बोट सुटतं, नाव भलतीकडेच उतरतं. आणि उतरलं की आपोआप सेव्ह.
आमचे अधीक्षक बिरादार साहेब: “सोप्पं हाय की बाई. बारकी लेकरं करून राहिलीत.”
बारकी लेकरं चेंडूही टाकतात. त्यांच्या चेंडूवर कुणाची बढती अडलेली नसते. हे बोलले नाही. बोलायला हवं होतं.

६ फेब्रु., गुरु.
पांचाळ सर कंधारहून आले. हातात सेवाज्येष्ठता यादीची छापील प्रत, सोमवारी शाळांना गेलेली. नमस्कार नाही, बसणं नाही. कागद माझ्यासमोर ठेवला आणि आपल्या नावावर बोट टेकवलं. नववा नंबर.
पां. सर तिसरे आहेत. मला तोंडपाठ आहे. पहिले दोघं आधीच मुख्याध्यापक झालेत, म्हणजे मेअखेर कंधारची मुख्याध्यापकाची जागा रिकामी झाली की तिसऱ्याचा हक्क. आता तिसऱ्या नंबरवर निलंग्याचे गिरी सर.
“बाई, अठ्ठावीस वर्षं झाली मला. हे कसं झालं?”
मी म्हटलं, मी नाही केलं. सिस्टीमनं केलं असेल.
त्यांनी बोट गिरी सरांच्या नावावर नेलं. मग म्हणाले, “गिरी सर तुमच्या माहेरचे ना?”
हो. निलंगा माझं माहेर. गिरी सरांचं घर आमच्या मागच्या गल्लीत. त्यांच्याशी आयुष्यात दहा वाक्यं बोलले असेन, तीसुद्धा लग्नाआधी.
कानशिलं तापली माझी. जेवण गेलं नाही.

७ फेब्रु., शुक्र.
लातूरला फोन. कंपनीच्या मॅडम, आवाज गोड. “मॅम, आम्ही तपासलं. सिस्टीम आपोआप काहीच हलवत नाही. तुमच्या लॉगिनवरून ओळ ड्रॅग झालीय, तीस जानेवारी, दुपारी तीन वाजून दहा मिनिटं.”
स्पीकर चालू होता. ऑफिसनं ऐकलं.
मी म्हटलं, मी हलवली नाही. त्या म्हणाल्या, युजरनंच हलवलीय मॅम. मी म्हटलं, मग मागे घ्यायचं बटण कुठंय? म्हणाल्या, सेव्ह झाल्यावर मागे घेता येत नाही, पण पुन्हा ड्रॅग करून जागेवर ठेवता येतं ना.
बि. साहेब लगेच: “कुणी हात लावायचा न्हाई आता. चौकशी हुईपस्तोर यादी हाय तशी.” २८ तारखेला यादी वर, शिक्षण खात्याकडे जायची आहे. म्हणजे तोवर पां. सर नववेच.

१० फेब्रु., सोम.
का. दा. आली. कारणे दाखवा नोटीस. ‘आपण हेतुपुरस्सर क्रम बदलून एका कर्मचाऱ्यास लाभ मिळवून दिला असल्याचे सकृद्दर्शनी दिसते. सात दिवसांत खुलासा सादर करावा.’
हेतुपुरस्सर. असल्या नोटिसा सत्तावीस वर्षं मीच टाईप करून दिल्या. हा शब्द कुठे घालतात, कुणासाठी घालतात, सगळं माहीत आहे. स्वतःच्या, सोनकांबळे या नावापुढे तो पहिल्यांदा वाचला.
पोच देताना सही नेहमीपेक्षा मोठी केली. मुद्दाम.
साहेबांना विचारलं, हेतू कुठून काढला? “तुम्ही लोक लगेच अन्याय झाला म्हणून सुरू करता.” मी विचारलं, तुम्ही लोक म्हणजे कोण साहेब? जरा थांबले. “क्लार्क,” म्हणाले.
लिहून ठेवते इथे. तारखेसकट.

११ फेब्रु., मंगळ.
घरी सांगितलं. ह्यांनी एसटी चालवली तीस वर्षं, निवृत्त होऊन तीन झाली. सगळं ऐकून म्हणाले, “नुसता हात ठिवला की चालू लागती, आन् कुठं थांबली ते सांगत न्हाई. असली गाडी मला दिली असती तर डेपोतनं बाहेर काढली नसती मी.”
मग म्हणाले, “पर तू न्हाईच हलवलीस ना?”
त्यांनीसुद्धा विचारलं. राग आला. भाकरी करताना लई आदळआपट झाली. चटका बसला, तो मात्र माझ्या चुकीनं.
नाही हलवली. नाही, नाही, नाही. कुणापुढेही सांगेन.

१३ फेब्रु., गुरु.
हे लिहायला नको वाटतंय, म्हणून आधी हेच लिहिते.
दुपारी अर्धापूरच्या यादीची पडताळणी करत होते. पडद्यावर नाव बघायचं, सेवापुस्तकात रुजू तारीख बघायची, पुन्हा पडद्यावर. शेख आपा चहा घेऊन उभ्या होत्या. एकदम ओरडल्या, “रुक संगीता! हात हलवू नको. तिथंच ठिव. देख, तू क्या कर रही.”
बघितलं. माझं बोट माउसवर दाबलेलं होतं. नावावर बाण ठेवून घट्ट दाबून धरलेलं. आणि मान सेवापुस्तकात.
“सोडती का न्हाई ते बटन?”
मी म्हटलं, ओळ चुकेल ना.
तोंडातून गेलं आणि कळलं.
रजिस्टरमध्ये आयुष्यभर हेच केलं. उजव्या हाताचं बोट ओळीवर ठेवायचं, दाबून, आणि मग दुसऱ्या कागदात बघायचं. पहिल्या दिवशी जुन्या हेडक्लार्कनी शिकवलं होतं, नजर फिरली तरी बोट फिरू द्यायचं नाही. कागदावर बोट दाबलं तर ओळ हलत नाही. इथे दाबलं म्हणजे धरली, आणि सेवापुस्तकाचं पान उलटताना अंग झुकलं की हात सरकतो, हाताबरोबर ती ओळ.
म्हणजे मीच. ३० जाने., तीन वाजून दहा मिनिटं. माझंच बोट.
आपांनी चहा तसाच ठेवला. म्हणाल्या, “मी न्हाई बघितलं कुछ. कुणाला सांगत न्हाई.”

१४ फेब्रु., शुक्र.
आठवडाभर मोठ्या आवाजात सांगत सुटले, मी नाही केलं. लातूरच्या मॅडमना खोटं पाडलं. ह्यांच्यावर भाकरी आदळली.
आता दोन वाटा. एक, गप्प बसायचं. सिस्टीमचा दोष म्हणून खुलासा द्यायचा, कुणाला काही सिद्ध करता येणार नाही, आपा बोलणार नाहीत. दोन, खरं लिहायचं. लिहिलं की कंपनी सुटली. साहेबांच्या हातात आयतं कोलीत. हेतुपुरस्सर शब्द मात्र तसाच राहणार, कारण हात माझा आहे हे मीच कबूल केलं.
दिवसभर बाकीच्या याद्या तपासल्या. बोट लावू दिलं नाही माउसला, खालीवर जायची बटणंच वापरली. अजून तीन नावं सरकलेली. दोन अर्धापूरची, एक निलंग्याचं. कुणाच्याच लक्षात आलेलं नाही.
निलंग्याचं नाव खाली गेलंय. माहेरचं माणूस खाली. कुणाला तरी हे दाखवून दात काढावेसे वाटले.

१६ फेब्रु., रवि.
सकाळच्या बसनं कंधारला गेले. पां. सरांचं घर विचारत विचारत. ते अंगणात खुर्चीवर पेपर वाचत होते, मला बघून उठले नाहीत. त्यांच्या मंडळींनी पाणी दिलं.
सरळ सांगितलं. सर, सिस्टीम नाही, माझा हात. कसा ते दाखवते म्हटलं. त्यांच्या पेपरमधली एक ओळ घेतली, चष्म्याचं घर माउस म्हणून धरलं, आणि वहीत बघत बघत दाखवलं. घर सरकलं.
“म्हणजे चूक तुमचीच.”
“हात माझा, सर.”
“आन् चूक?”
“तेच ठरायचंय. ज्याला हात लागला की माणसाचा नंबर बदलतो आणि विचारतसुद्धा नाही, ते ज्यांनी करून दिलं त्यांची काहीच नाही का?”
त्यांनी पेपरची घडी घातली. मग म्हणाले, “बाई, नंबर गेला त्याचं इतकं न्हाई वाटलं. शाळंत आमचेच मास्तर म्हणून राहिले, ह्याच्या सेवापुस्तकातच काईतरी लफडं असंल. अठ्ठावीस वर्षं ज्यांच्यासंगट डबा खाल्ला, ते.”
मी माफी मागितली. मनापासून मागितली. बरं, असू द्या, असं काही ते म्हणाले नाहीत. म्हणायची गरज नव्हती.
त्यांच्या मंडळी स्टँडपर्यंत आल्या. वाटेत म्हणाल्या, “ते बोलत न्हाईत, पर तुम्ही आल्याव ते बेस झालं.”

१७ फेब्रु., सोम.
खुलासा दिला. तीन पानं, मीच टाईप केला, एक अक्षर खोडलं नाही. मुख्य भाग उतरवून ठेवते:
‘सदर क्रम माझ्याच हातून बदलला आहे. ६ व ७ फेब्रुवारी रोजी मी तसे नाकारले, ते माझ्या अज्ञानामुळे, त्याबद्दल दिलगीर आहे. क्रम बदलण्याचा हेतू नव्हता. याच रीतीने आणखी तीन नावे सरकली असून ती मी स्वतः निदर्शनास आणून देत आहे. ओळ हलविण्यापूर्वी सिस्टीमने विचारावे, हलविल्यास मागे घेता यावे, आणि ओढण्याऐवजी वर व खाली अशी बटणे असावीत, ही मागणी आहे. तोपर्यंत मी ज्येष्ठता यादीत कोणतीही ओळ ओढणार नाही.’
शेवटच्या वाक्यावर आपा म्हणाल्या, ये काट दे. नाही काटलं.

१८ फेब्रु., मंगळ.
साहेबांनी आत बोलावलं. दार लावलं. “बाई, तुम्ही स्वतःच्या पायावर धोंडा मारून घेतलाव. तीन नावं आन् कशाला सांगितली? कुणी इचारलं होतं?”
मग मऊ झाले. खुलासा परत घ्या, एक पान द्या, ‘अनवधानाने झाले, यापुढे काळजी घेईन’, एवढंच. नोटीस फायलीला लावून टाकू. आणि तुम्हाला अभिलेख कक्ष देतो. तिथं कॉम्प्युटर नाही, डोक्याला ताप नाही.
अभिलेख कक्ष म्हणजे मागची खोली. जुन्या दप्तरांचे गठ्ठे आणि पाली.
मी म्हटलं, साहेब, जे तीन महिन्यांपूर्वी आलं त्याला न सुधारता ठेवायचं, आणि जी सत्तावीस वर्षं आहे तिला पालींत पाठवायचं?
“तसं न्हाई म्हणलो मी.”
तसंच म्हणाले. खुलासा परत घेतला नाही.

२१ फेब्रु., शुक्र.
सुनावणी. संस्थेचे सचिव साहेब स्वतः. सत्तरीचे, आधी अर्धापूरच्या शाळेचे मुख्याध्यापक होते. लातूरच्या मॅडम लॅपटॉप घेऊन आलेल्या. फोनवर वाटल्या त्यापेक्षा थकलेल्या. मी पाच सेवापुस्तकं आणि ऑफिसचा माउस घेऊन गेले.
मॅडमनी नमुन्याची यादी उघडली. मी म्हटलं, साहेब, मी काही सांगत नाही. तुम्ही पूर्वी करायचात तशी या पाच नावांची पडताळणी करा. बाण नावावर ठेवा आणि पुस्तकात तारीख बघा.
पहिलं नाव. दुसरं. काही नाही. बि. साहेब माझ्याकडे बघून हसले. तिसऱ्या नावाला सेवापुस्तकाची दोन पानं चिकटलेली, सचिव साहेबांनी ती सोडवायला डावा हात ओढला, अंगाबरोबर माउसवरचा उजवाही सरकला, आणि ओळ गेली. तीनवरून सात.
त्यांनी मान वर केली. “ही इथं होती ना?”
मॅडम म्हणाल्या, “सर, तुम्ही बटण सोडलं नव्हतं.”
“सोडू कशाला? ओळ धरली होती मी.”
मी माउस बि. साहेबांकडे सरकवला.
मग बि. साहेबांनी करून दाखवलं. पाचच्या पाच, एकही सरकली नाही. ते मुळी दाबतच नाहीत, नुसता बाण ठेवतात. रजिस्टर त्यांनी कधी लिहिलंच नाही. “बघा साहेब, सवयीचा प्रश्न हाय.”
सचिव साहेब हसले. “म्हणजे आपण दोघंच म्हातारे, बाई.”
मी हसले नाही. म्हटलं, साहेब, तुमची नमुन्याची यादी होती. माझी खरी होती.
त्यांचं हसू गेलं. निर्णय कळवतो म्हणाले.
जाताना मॅडम माझ्याजवळ थांबल्या. हळू आवाजात: “मॅम, बटणांचं आम्ही सुरुवातीलाच सुचवलं होतं. तेव्हा गरज नाही म्हणून कळवलं होतं इथूनच.” कुणी ते त्यांनी सांगितलं नाही. मीही विचारलं नाही. त्यांना परत लातूरला नोकरी करायची आहे.

२४ फेब्रु., सोम.
निर्णय आला. ‘हेतुपुरस्सर’ वगळलं. एका ओळीत वगळलं, जणू टायपिंगचीच चूक होती. चारही नावं मूळ जागी घ्यावीत. सिस्टीममधील बदलांचा विचार यथावकाश करण्यात येईल. यथावकाश म्हणजे काय तेही मी सत्तावीस वर्षं टाईप केलंय. आणि संबंधित लिपिकाला माउस वापराचं प्रशिक्षण.
प्रशिक्षण! शेख आपांनी पदर तोंडावर धरला. मीही हसले शेवटी. डोळ्यांत पाणी येईपर्यंत हसलो दोघी.
हेतू गेला एवढं बरं झालं. रात्रीची झोप परत येईल. पण ओढायचं नाही म्हणजे नाही. साहेबांना सांगितलं, दुरुस्ती दुसऱ्या कुणाकडून करून घ्या, किंवा मला ‘ओढा’ म्हणून लेखी द्या. त्यांनी पेन उघडलं, मग बंद केलं. “उद्या बघू.”

२५ फेब्रु., मंगळ.
उद्या शिवरात्रीची सुट्टी. मग २७, आणि २८ ला यादी वर जाणार.
बि. साहेब स्वतःच दुरुस्ती करायला बसले होते. माउस हातात घेतला, तेवढ्यात आपांनी आवकमध्ये आलेला अर्ज त्यांच्यापुढे ठेवला. पांचाळ सरांचा. हाताने लिहिलेला, मास्तरांचं अक्षर, रेघ न रेघ सरळ. साहेबांनी वाचला आणि माझ्याकडे सरकवला.
‘माझे नाव मूळ जागी घ्यावयाचे असल्यास ते श्रीमती सोनकांबळे यांच्याच हाताने घ्यावे. मी २७ रोजी समक्ष शेजारी बसेन. त्यांच्याखेरीज अन्य कोणी माझ्या नावास हात लावल्यास माझी हरकत राहील.’
दोनदा वाचलं. तिसऱ्यांदा अक्षरं दिसेनात.
साहेब म्हणाले, “आता काय बाई? तुम्ही तर ओढणार न्हाई म्हणून लेखी दिलंय.”
दिलंय. आणि त्या सिस्टीममध्ये नवावरून तिनावर जायला ओढण्याशिवाय दुसरा रस्ता नाही. कंट्रोल एक्स चालत नाही, सगळं करून बघितलंय. नाही म्हटलं तर पां. सर नववेच वर जातात. हो म्हटलं तर माझ्या तीन पानांतलं शेवटचं वाक्य मीच पुसलं, आणि मग बटणं येतायत कशाला.
लातूरला फोन केला. गुरुवारच्या आत दोन बटणं, वर आणि खाली, फक्त एका यादीपुरती. मॅडम म्हणाल्या, सांगू शकत नाही मॅम, बघते. गोड आवाज नव्हता यावेळी. खरा होता.
पां. सरांनाही फोन केला. सगळं सांगितलं, की मी शब्द दिलाय, की बटण आलं नाही तर मला काय करावं कळत नाही. पलीकडे कुणाची तरी शिट्टी, मुलांचा गलका. शाळेत होते.
“मी येतो तर,” ते म्हणाले. “साडेधाच्या आत येतो. तुम्ही ओढा नाहीतर नका ओढू बाई, पर तुमच्याच टेबलावर बसून ठरवा. दुसऱ्याच्या न्हाई.”